भाऊसाहेबांच्या व्हिसाला कुंकू

पासपोर्ट उघडला आणि त्यातून चार अक्षता माझ्या टेबलावर पडल्या.

मी वर बघितलं. समोर भाऊसाहेब बसले होते. कॉलेज रोडवरच्या निम्म्या बिल्डिंगी आपण बांधल्या असं सांगणारे बिल्डर. उरलेल्या निम्म्या गळतात, असंही तेच सांगायचे. आज मात्र आवाज खाली होता.

"मॅडम, याचं काही होणार नाही ना?"

व्हिसाच्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. चांगलं ठसठशीत, चार ठिपक्यांसकट, वर हळदीचं बोट. कुंकू ओलं असतानाच पासपोर्ट मिटल्यामुळे समोरच्या पानावर त्याचा उलटा छाप उठला होता. म्हणजे उजवीकडे बघा नाहीतर डावीकडे, स्वस्तिक काही चुकत नव्हतं. आणि हा पासपोर्ट घेऊन गृहस्थ निघाले होते जर्मन बोलणाऱ्या मुलखात. तिथं हे चिन्ह बघून कुणाला सत्यनारायण आठवत नाही. हिटलर आठवतो.

"कुणी काढलं?" मी विचारलं.

"आईनं. पूजा केली. चांगल्या मनानं केली हो."

चांगल्या मनानं केलेल्या गोष्टी निस्तरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. नाशकात मी पंचवीस वर्षं ट्रॅव्हल एजन्सी चालवली. ही गोष्ट मोबाइलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे त्या दिवसांतली.

झालं असं होतं की भाऊसाहेबांचा पार्टनर स्वित्झर्लंडला जाऊन आला. मग मेहुणा जाऊन आला. तिथवर त्यांनी सोसलं. पण त्यांचा सिमेंटवालाही जाऊन आला, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं त्या देशात काही राहिलंच नाही. ते बायकोला घेऊन माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले की नाशिकमधलं कुणीही गेलेलं नाही असा देश दाखवा. टॉपचा पाहिजे. लक्झरी. जणू मी कोपऱ्यावरचा प्लॉट दाखवणार होते.

मी ऑस्ट्रिया काढला. तिथं कुणी डॉक्टर जाऊन आला होता. हंगेरी हे नाव त्यांना पसंत पडलं नाही, उपाशी राहिल्यासारखं वाटतं म्हणाले. मी पुढचं ब्रोशर शोधत होते, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"लिश्टनस्टाइन."

शोभावहिनी बोलल्या होत्या. तोपर्यंत त्या माझ्या ऑफिसात आल्या आहेत हे मीसुद्धा विसरले होते.

"ते काय असतं?" भाऊसाहेब.

"देश आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे."

मी नकाशा पसरला. देश सापडायला वेळ लागला, कारण त्याच्यावर माझा पेपरवेट होता. लांबी विचाराल तर नाशिकहून निघून सिन्नर येईपर्यंत संपला. विमानतळ नाही, स्वतःचा व्हिसा नाही. स्वित्झर्लंडचा व्हिसा काढायचा, झुरिकला उतरायचं आणि गाडीनं जायचं. राजा मात्र आहे, आणि तो डोंगरावरच्या किल्ल्यात राहतो.

राजा म्हटल्यावर भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला, आणि पैसे पडतायत तर रस्त्यावरच्या लोकांनाही कळावं म्हणून ते बाहेर जाऊन बोलू लागले.

मी वहिनींना विचारलं, हे नाव तुम्हाला कुठून ठाऊक? तर त्या सिन्नरच्या एका मास्तरांची मुलगी. लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवायच्या. लिश्टनस्टाइनचं एकच मिळालं होतं, किल्ल्याचं चित्र असलेलं. मैत्रिणीला हंगेरीची तीन देऊन ते घेतलेलं. लग्न झालं, अल्बम माहेरी राहिला आणि भावाच्या पोरांनी ती तिकिटं भिंतीला चिकटवून टाकली.

"तिथं तिकिटांचं म्युझियम आहे, ताई. मी वाचलंय. प्रोग्रॅममध्ये तेवढं घाला. बाकी ह्यांना काय पाहिजे ते करा."

मग त्यांनी पर्समधून स्वतःचा पासपोर्ट काढून दिला. सात वर्षांचा जुना, आणि आत एक शिक्का नाही. सिंगापूर ठरलं होतं तेव्हा स्लॅब पडायचा होता. दुबई ठरलं तेव्हा महापालिकेची निवडणूक. दर वेळी भाऊसाहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की.

"या वेळी तरी नेतील असं वाटतं," त्या म्हणाल्या. नेतील हो, असं मी म्हणणार होते. पण मी धंद्याला बसले होते. फॉर्म पुढे केला.

आमच्या धंद्यात ग्रुपबरोबर न जाणाऱ्या गिऱ्हाइकाला एफआयटी म्हणतात. म्हणजे सगळं त्याच्या एकट्यासाठी ठरवायचं आणि त्याच्या एकट्याच्या शिव्या खायच्या. भाऊसाहेबांना किल्ला दिसणारी सुइट पाहिजे होती. ड्रायव्हरसकट गाडी पाहिजे होती, काळीच. आणि एक जेवण राजाबरोबर.

"तो जेवायला बोलावत नाही हो," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत का? आपल्याकडे आमदार येऊन पिठलं-भाकरी खाऊन जातात. राजाला काय झालं?"

मी झुरिकच्या एजंटला फॅक्स केला. त्या बिचाऱ्यानं दोन दिवसांनी उत्तर पाठवलं की महाराज सध्या ही सेवा देत नाहीत. 'सध्या' हा शब्द वाचून भाऊसाहेबांची आशा टिकली.

म्युझियम मात्र त्यांनी खोडलं. पोस्टाची तिकिटं बघायची असतात का, चाटायची असतात, असं म्हणून स्वतःच हसले. वहिनी हसल्या नाहीत. मी पुढच्या प्रतीत म्युझियम परत घातलं. त्यांनी परत खोडलं. तिसऱ्यांदा मी तिथं 'सिटी ओरिएन्टेशन' असं लिहिलं. ते त्यांना फार आवडलं, एकदम भारी वाटतंय म्हणाले.

दोन्ही व्हिसा आले. गावातल्या पेपरात त्यांच्या फोटोची जाहिरात आली, 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', खाली मित्रमंडळ. चौकात त्याच फोटोचा हत्तीएवढा बोर्ड लागला. जाहिरातीचा आणि बोर्डाचा मजकूर भाऊसाहेबांनीच लिहिला होता, मित्रमंडळानं फक्त नाव दिलं. वहिनींचा फोटो कुठंच नव्हता.

आणि मग माईंनी पूजा केली. माई म्हणजे भाऊसाहेबांच्या आई, नामपूरच्या. घरात मिक्सर आला तरी त्याला आधी कुंकू, मग चटणी. मुलगा विमानात बसणार म्हटल्यावर त्या गप्प बसतील कशा? दोन्ही पासपोर्ट देव्हाऱ्यापुढे ठेवले होते. पण कर्त्या माणसाचा मान पहिला. माईंनी मुलाच्या पासपोर्टवर यथासांग स्वस्तिक काढलं, आणि सुनेचा तसाच बाजूला सारला. बायकांच्या पुस्तकाला काय करायचंय, म्हणाल्या.

तर असा तो मान पावलेला पासपोर्ट माझ्यापुढे होता. मी भाऊसाहेबांना बजावलं, याला हात लावू नका, पुसू नका, मी मुंबईला विचारते. तिथल्या स्विस कॉन्सुलेटमधल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पासपोर्ट जसा आहे तसा आणून दाखवा, व्हिसाची अक्षरं वाचता येत असली तर साहेबांना विचारून बघू. आशा होती. मी लगेच भाऊसाहेबांना फोन लावला.

"काळजी सोडा मॅडम," ते म्हणाले. "काम झालंय. साइटवर थिनर होतं."

थिनर. रंग उतरवायचं.

मी रिक्षा करून गंगापूर रोडला त्यांच्या बंगल्यावर गेले आणि दारातूनच विचारलं, हात लावू नका म्हटलं होतं ना? थिनरनं आपलं काम चोख केलं होतं. व्हिसावरची तारीख गेली, नंबर गेला, शिक्का गेला. कुंकू होतं तिथंच होतं. जरा गुलाबी झालं होतं इतकंच.

आता नवा पासपोर्ट, त्यावर नवा व्हिसा, आणि निघायला उरला होता आठवडा. नाशकात तेव्हा पासपोर्ट ऑफिससुद्धा नव्हतं. भाऊसाहेबांनी आमदारांना फोन लावू का विचारलं. मी म्हटलं, लावा की, स्वित्झर्लंडमध्ये त्यांची फार ओळख असेल. ते सोफ्यावर बसले. मग म्हणाले,

"ठीक आहे. कॅन्सल करा. पुढच्या वर्षी नक्की."

लक्झरी हॉटेलांची एक गंमत असते. ती तुमचे सगळे लाड पुरवतात. उशी मऊ पाहिजे, कडक पाहिजे, बदकाच्या पिसांची पाहिजे, सगळं. फक्त आयत्या वेळी येत नाही म्हणालात की पैसे विसरायचे. हे मी समजावून सांगत होते, भाऊसाहेब कपाळ चोळत होते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"माझा व्हिसा चांगला आहे ना, ताई?"

"एकदम चांगला."

"मग मी जाते."

भाऊसाहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच बोलले.

"एकटी?"

"गाडी आहे, ड्रायव्हर आहे, हॉटेल आहे. पैसे भरलेत. तुम्ही आला असतात तरी फोनवरच असतात ना."

मग भाऊसाहेबांचा आवाज चढला. बायको एकटी परदेशात, नवरा घरी, लोक शेण घालतील तोंडात. बोर्ड लागलाय, जाहिरात आलीय. शेवटी गाडी आईवर घसरली, सगळा घोळ आईच्या कुंकवानं झाला म्हणाले. वहिनी खाली बघत होत्या. मला कळलं, आता या बाई गप्प बसल्या तर पुन्हा कधीच जाणार नाहीत.

माई दाराशी वाती वळत बसल्या होत्या.

"कुंकू म्या लावलं," त्या म्हणाल्या. "थिनर कोणी लावलं?"

भाऊसाहेबांनी चहाचा कप उचलला.

"कुंकवानं काय बी बिघडलं नव्हतं. या मॅडम सांगत व्हत्या हात लावू नको. तुला दम नाय. आता तिचं कशाला अडवतो? जाऊ दे तिला."

त्या घरात माईंच्या शब्दापुढे कायदा नव्हता. मी पटकन फॅक्सचा मजकूर लिहायला घेतला, मिस्टर अँड मिसेसच्या ऐवजी नुसतं मिसेस. कुणाचं मन बदलायच्या आत फॅक्स गेलेला बरा असतो.

राहिला प्रश्न बोर्डाचा. भाऊसाहेब हळूच म्हणाले, मी इथं दिसलो तर? मी सांगितलं, बोर्डाप्रमाणे तुम्ही युरोपला गेलेले आहात. तेव्हा नाशकातून तुम्हाला जावंच लागेल. कुठं, ते तुम्ही ठरवा, माझ्याकडे आता बुकिंग नाही.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम बंगल्यावर गेले, पासपोर्टवर लक्ष ठेवायला. माई करंडा घेऊन आल्याच. वहिनींनी पासपोर्ट पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि वाकून कपाळ पुढे केलं. "माई, मला लावा." माईंनी लावलं, आणि मग डोळ्याला पदर लावला.

वहिनींच्या मुंबईच्या गाडीतूनच भाऊसाहेबही सगळ्यांना हात करत निघाले. ते वाटेतल्या घोटीपर्यंत गेले, तिथं उतरले आणि दुसऱ्या गाडीनं उलटे नामपूरला, बहिणीच्या मळ्यात. तिथल्या कांदा मार्केटात त्यांना नाशिकचा एक व्यापारी भेटला. तो म्हणाला, भाऊसाहेब, तुम्ही तर परदेशात ना? यांनी सांगितलं, "ट्रान्झिटमध्ये आहे." हा शब्द मीच शिकवला होता. विमान बदलताना मधे थांबतात, त्याला म्हणतात. कांद्याच्या ढिगापाशी थांबतात त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

तिकडून वहिनींचा एकदाच फोन आला.

"ताई, म्युझियम बघितलं. ते किल्ल्याचं तिकीट आहे इथं. काचेत ठेवलंय." मग म्हणाल्या, "मला फार भरून आलं. उद्या परत जाणार आहे."

"उद्या किल्ल्याचा कार्यक्रम आहे ना?"

"किल्ला खिडकीतून दिसतो की."

त्या परत आल्यावर भाऊसाहेबांचा मित्रमंडळानं सत्कार केला. शाल, नारळ, हार. नामपूरच्या उन्हानं ते चांगले रापले होते, लोकांना वाटलं तिकडचं हवामान. दोन शब्द बोला म्हटल्यावर भाऊसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडं स्वच्छता फार आहे." हे वाक्य कुठल्याही देशाला चालतं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माई बसल्या होत्या, मांडीवर सुनेनं तिकडून धाडलेलं पोस्टकार्ड. त्याच्या तिकिटाला कुंकू लागलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता एक धडा घेतला. व्हिसा आला की गिऱ्हाइकाला दुरून दाखवायचा, हातात द्यायचा नाही. पासपोर्ट माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि एअरपोर्टला निघतानाच ताबा. पुढं हा नियम मी कुणासाठी मोडला नाही. एक अपवाद सोडून.

पुढच्या वर्षी शोभावहिनी एकट्याच ऑफिसात आल्या. स्लोव्हेनियाचं ब्रोशर मागितलं, तिथलं तळं बघायचं होतं त्यांना. मी विचारलं, एकाचं बुकिंग करू ना?

"छे, छे. दोघांचं करा. ह्यांना वाईट वाटेल."

"बरं. मग व्हिसा झाले की दोन्ही पासपोर्ट माझ्या कपाटात राहतील."

"माझा ठेवा," त्या म्हणाल्या. "ह्यांचा घरी पाठवा. माईंना पूजा करायची असते."