सामन्याआधीची वरण-बट्टी

मित्रांनो, वाचनालयाबाहेरचा हा फळा सगळेच वाचता, म्हणून खडूने इथेच लिहितोय.

आज धुळ्यात आपला कॉलेजचा कबड्डी संघ हरला. मी सोबत गेलो होतो तो फक्त ओरडायला.

सामन्याआधी खेळाच्या सरांनी संघाला जेवायला नेलं, तेही स्वतःच्या सासुरवाडीला! वरण-बट्टी, वर तुपाची धार. वाढायला सरांचा धाकटा मेव्हणा. "लाजू नका भो," म्हणत एकेकाला आग्रह करत होता. स्वतः मात्र जेवला नाही. म्हणे, "मला उपास आहे."

मैदानावर पाहतो तर समोरच्या संघाचा कप्तान तोच! आपल्या पोरांना वाकवेना, अन् हा उपाशी गडी वाऱ्यासारखा आत-बाहेर.

येताना एसटीत विचारलं, तर सर म्हणाले, "अरे, योगायोग!"

असेल.

पुढचा सामना भुसावळला आहे. तिथे सरांचं कोण राहतं, कुणाला ठाऊक आहे का?