अक्कांची दुसरी गौरी

आमच्या घरमालकीण महानंदाअक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बंगळुरात यशवंतपूरला आल्या त्याला तीसेक वर्षं झाली, पण भाजीवाल्याशी कन्नडमध्ये सुरू केलेलं भांडण त्या अजून मराठीतच संपवतात. भाडेकरूला त्यांच्याकडे दोन गोष्टी मिळतात: वेळेवर पाणी आणि वेळी-अवेळी सल्ला. मी पुण्याची असल्यामुळे मला सल्ला जरा जास्तच.

त्यांचे यजमान मंजुनाथ इथलेच, कन्नड. बोलणं कमी, हसणं मिशीतल्या मिशीत. त्यांच्या घरची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते आणि मुलाबरोबर, म्हणजे गणपतीबरोबर, परत जाते. अक्का तिचं सगळं रीतसर करतात, नाव ठेवायला जागा नाही. आणि तिला पोचवून आल्या की माळ्यावरचा स्टीलचा डबा काढायला लावतात. त्यात त्यांच्या आईचा पितळी मुखवटा आहे. निपाणीची गौरी गणपतीच्या मागून येते. आई गेल्यावर भावाने गौर बसवणं बंद केलं, आणि त्याबरोबर बहिणीला बोलावणंही. तेव्हा अक्का मुखवटाच मागून घेऊन आल्या.

"एकच देवी, आठवड्यात दोनदा जेवायला?" मंजुनाथ दरवर्षी कन्नडमध्ये विचारतात.

"ती सासरी आली होती. ही माहेरी येतीया," अक्का दरवर्षी मराठीत सांगतात.

यंदा मात्र डबा माळ्यावरच राहिला. निपाणीच्या रीतीने एकीने गौर घेऊन उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि घरच्या माणसाने आतून विचारायचं, "गौरी कशाच्या पावलांनी आली?" मग बाहेरून उत्तर द्यायचं, "सोन्याच्या पावलांनी." आजवर हे लेक, भाग्यलक्ष्मी विचारायची. ती लग्न होऊन सिंगापूरला गेली.

"मी विचारते की," मी म्हटलं.

"तू भाडेकरू. उद्या घर बदलशील." अक्कांनी माझा निकाल लावला. "घरचं विचारणारं कुणी नसलं तर तिनं यायचं कशाला? राहू दे यंदा."

मला रागच आला. पण उठताना ओट्यावर शेपूची जुडी दिसली. पहिल्या दिवशी गौरीला शेपूची भाजी आणि भाकरी लागते. एरवी त्या घरात शेपू शिजत नाही, कारण मंजुनाथांना तिचा वासही सोसत नाही. तेही दारात उभे राहून त्या जुडीकडेच बघत होते.

दुपारी खालून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी मीटिंग तशीच सोडून जिना उतरले. मंजुनाथांच्या मिशीला जळमट लागलं होतं आणि हातात डबा होता. तो त्यांनी अक्कांच्या हाती दिला, "बाहेर जा" म्हणाले, आणि आतून दार लोटून घेतलं.

अक्कांनी मुखवटा पदराने पुसला, डब्यातल्याच तांब्यावर बसवला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "यांना काय यायचंय विचारायला! इतक्या वर्षांत 'मीठ कमी' एवढंच मराठी शिकलेत."

आतून मग खाकरणं.

"गौरी..." आणि गाडी अडली. मी दाराशी तोंड नेऊन पुढचे शब्द सांगणार, तर अक्कांनी माझा दंड धरला.

"गौरी... निपाणीहून आली काय?"

आता अक्कांनी सोन्याच्या पावलांचं म्हणायचं होतं. गॅसवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना गप्प बसवणारी ही बाई, पण ती मुखवटाच पुन्हा पदराने पुसत राहिली. मलाही भरून आलं होतं, आणि माझं तर निपाणीत कुणीच नाही.

"होय," शेवटी त्या म्हणाल्या. "निपाणीहूनच आली."

"सरी, बरं." दार उघडलं. "मग आत ये. शेपू कर. मी पण खातो."