उजवीकडची मिसरी

"तंबाखू, गुटखा, मिसरी?" फॉर्म भरताना दातांच्या डॉक्टरणीनं विचारलं.

"मॅडम, मी एम.ए. आहे," मी म्हणाले.

तिनं 'नाही' लिहिलं.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप खुलताबादच्या डोंगरात मेंढरं वळायचा. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड पहिल्यांदा आईनंच माझ्या हिरडीवर फिरवली, मी दहाएक वर्षांची असताना. आता शहरात शाळेवर शिकवते, पण सकाळी मोरीचं दार लावून मिसरी लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. लेकीच्या वयाच्या त्या पोरीला हे कसं सांगायचं?

डावीकडची खालची दाढ पार किडली होती. तिनं ती काढली आणि माझीच मागची अक्कलदाढ अलगद उपटून त्या खड्ड्यात बसवली. शेजारच्या दाताला तारेनं बांधली. म्हणाली, "आता भोवतीनं हाड भरायला पाहिजे. भरलं तर दाढ तुमची. नाही भरलं तर गेली."

घरी आई म्हणाली, "तिचीच दाढ हाय, परक्याची नाय. धरंल की."

दोन दिवस मिसरी बंद ठेवली. डोकं फुटायची पाळी आली. तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूला लावली. दाढ डावीकडं, मिसरी उजवीकडं. दाढेला काय कळतंय! एवढं शिकून ही अक्कल.

तार निघाली. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला, तर मुळाभोवती काळी कड. "इथं हाडच नाही," डॉक्टरीण म्हणाली. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. "मग पुढच्या आठवड्यात तिथला तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा म्हणजे कॅन्सरच, एवढंच मला माहीत. माझ्या थोरल्या चुलतीचाही आधी तुकडाच काढला होता. मग अर्धा जबडा गेला. पुढं ती लग्नकार्यातसुद्धा पदर तोंडावर धरून बसायची. तो आठवडा मी फळ्याकडं तोंड करून शिकवलं. जीभ सारखी दाढेकडं जायची, हलते का बघायला.

तुकडा काढायच्या दिवशी आई दवाखान्यात सोबत आली होती. बाकड्यावर बसल्या बसल्या तिनं कनवटीची डबी काढली. "लाव जराशी. भेव जाईल."

माझं बोट आपसूक डबीत गेलं. बोटाचं काळं टोक बघितलं अन् मीच दचकले. बोट तसंच धरून आत गेले, डॉक्टरणीपुढं केलं.

"रोज?"

"रोज. पण उजवीकडं."

ती हसली नाही. "मिसरी रक्तात उतरते, तीच हाड भरू देत नाही. रक्त तर एकच आहे ना, मॅडम? पोरांना काय शिकवता तुम्ही?" तिनं टॉर्च लावून गाल, जीभ, हिरड्या बोटानं चाचपून पाहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. "वरून तरी काही दिसत नाही. तुकडा आत्ता नको. दोन महिने मिसरीला शिवायचं नाही, मग एक्स-रे काढू. तेव्हाही हाड भरलं नसेल, तर मात्र तुकडा काढावा लागेल."

मग तिनं माझा फॉर्म पुढं ओढला. मी म्हणाले, "द्या इकडं." 'नाही' खोडून माझ्या हातानं 'होय' लिहिलं.

दोन महिने कसे काढले, माझं मला माहीत. नव्या एक्स-रेत खालची काळी कड धुरकट पांढरी झालेली दिसली. वरची तशीच होती.

बाहेर आईनं विचारलं, "धरली का?"

"खालून धरतीय," मी म्हणाले. आईचा हात कनवटीला गेला, माझ्याकडं बघून तसाच माघारी आला.