निम्म्यावर आटवलेलं पाणी

"आपके खून में सीसा है, बहुत ज़्यादा," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. लेड पॉयझनिंग, म्हणजे शिशाची विषबाधा. माझा उजवा हात टेबलावर पडला होता. मनगटातून तो वर उचलला जातच नव्हता. त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, हेही त्याच दिवशी कळलं.

मी रेल्वेत बुकिंग क्लार्क. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलो, सोबत आई. क्वार्टर मिळेना, म्हणून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रामागे खोली घेतली. पाणी अंगणातल्या बोअरिंगचं. मागच्या गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवायचे. धूर यायचा, मग आम्ही खिडकी लावून घ्यायचो. हुशारी आमची तेवढीच.

सुरुवात पोटदुखीने झाली. असा मुरडा यायचा की धड बसवत नसे. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी अल्सर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आईने मात्र पाण्यालाच दोष दिला. "इथलं पाणी बाधलंय तुला," म्हणाली आणि आमच्या घरचा जुना उपाय सुरू केला. पातेलंभर पाणी मंद आचेवर निम्मं होईस्तोवर आटवायचं, गाळायचं आणि आजाऱ्याला तेवढंच द्यायचं. स्वतः ती साधंच प्यायची, सिलिंडर लवकर संपतो म्हणून.

मी खंगतच गेलो. तिने पाणी आणखी आटवायला घेतलं.

हॉस्पिटलात चिलेशन थेरपी झाली. त्यातलं औषध धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. डॉक्टर म्हणाले, "दवा हम देंगे. पर यह आ कहाँ से रहा है, ढूँढिए. नहीं तो फिर यहीं मिलेंगे."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करायची. तिने पाणी घेऊन बोलावलं. आईने दोन बाटल्या भरल्या, एक बोअरिंगच्या पाण्याची, एक आटवलेल्या. "माझं पाणी किती स्वच्छ, तेही बघू दे तिला," म्हणाली.

तिने प्रयोगशाळेत अंधार केला. पानांपासून केलेलं द्रावण तीन नळ्यांत होतं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तिन्ही निळ्या उजळल्या. हा फ्लुओरेसंट सेन्सर, म्हणजे पाण्यात जड धातू असला की द्रावणाचा उजेड मंदावतो. पहिलीत शुद्ध पाणी घातलं, काही फरक पडला नाही. दुसरीत बोअरिंगचं घातलं, उजेड उतरला. तिसरीत आईचं.

ती नळी विझली.

"यह कौन सी है?" आईने विचारलं. तिला माहीत होतं.

"माँजी, उबालने से कीटाणु मरते हैं. धातु नहीं मरती. पानी घटता है, वह बची रहती है."

मी मराठीत सांगायला लागलो. "समजलं मला," आई म्हणाली.

हा प्रयोग फक्त इशारा देतो, असं त्या बाईंनी बजावलं होतं. पुढे रीतसर तपासणीतही शिसंच निघालं, मागच्या गल्लीतल्या बॅटऱ्यांमधून जमिनीत मुरलेलं. आईच्या रक्तातही होतं, माझ्याहून कमी. आम्ही खोली बदलली.

तुमच्या घरी असं दुखणं असेल आणि जवळ कारखाने असतील, तर पाणी उकळून निश्चिंत होऊ नका. धातूसाठी वेगळं तपासून घ्या. मी वाचलो, त्या डॉक्टरांचे आणि त्या सूनबाईंचे उपकार आहेत. हात अर्धा परत आला. शिक्का आता डाव्या हाताने मारतो.

विष बॅटऱ्यांचं होतं, तुझं नव्हतं, हे आईला शंभरदा सांगितलं. ती हो म्हणते.

परवा भुसावळचे पाहुणे आले. आईने हसून बसायला सांगितलं, प्रवासाची चौकशी केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पाणी तेवढं तू दे रे."