महागाईसाहेबांचे मंगळवार

दर मंगळवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना महागाईसाहेब घराला कुलूप लावत. खिशात दोन पेनं, एक लिहायला आणि दुसरं पहिल्यानं दगा दिला तर लिहायला. काखेत लांबट वही. पायांत पॉलिश केलेले बूट, ज्यांना उरलेले सहा दिवस सुट्टी असे. बाजाराच्या तोंडाशी पोचले की भाजीवाली पुढच्याला हाळी देई, "महागाई आली गं!" आणि एखादं नवखं गिऱ्हाईक दचकून पाकीट चाचपून पाही.

नाव बाजारानंच ठेवलं होतं आणि त्यात लबाडी नव्हती. एकतीस वर्षं हा माणूस सरकारी सांख्यिकी खात्यात दर संकलक होता. दर मंगळवारी नऊ दुकानांत जाऊन चौसष्ट वस्तूंचे भाव टिपायचे, म्हणजे त्यावरून सरकारला महागाई किती वाढली ते कळतं. तेच दुकान, तोच माल, तेच माप, तीच वेळ. खात्याचा एक कडक नियम असाही होता की ज्या दुकानात भाव टिपायचा, तिथे स्वतः गिऱ्हाईक व्हायचं नाही. ओळख झाली की भाव उतरतो आणि आकडा बिघडतो. हा नियम खात्यात सगळ्यांनी वाचला होता. पाळला एकट्या महागाईसाहेबांनी. खरं सांगायचं तर तो पाळला त्यांच्या बायकोनं, कारण घरापासून चार पावलांवरचा बाजार सोडून तिला पुलापलीकडच्या बाजारात जावं लागे.

"इथल्या वाण्याकडून साखर घ्यायची नाही, का, तर तो तुमचा पाहुणा!" ती दोन्ही पिशव्या दारात आपटत म्हणे.

"पाहुणा नाही. माहितीदार."

"मग माहितीदाराला म्हणावं, पुलावरच्या चढाला जरा पिशवी धरायला ये."

एकदा साहेबांनी मोठ्या अभिमानानं घरी सांगितलं, यंदा महागाई सरासरी चार टक्के. बाई म्हणाली, "हो का? मग आज तुम्हाला ताटात सरासरीच वाढते. मीठ कमी पडलं तर सांगा."

साहेब हसले नाहीत. ते सहसा हसत नसत, आकड्याच्या बाबतीत तर नाहीच. पण यादीतल्या एक्केचाळीस नंबरच्या वस्तूवर मात्र दोघंही मनापासून हसत. ती वस्तू म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हची वात. यादी सरकारनं कधीकाळी केली ती केली. पुढे स्टोव्ह भंगारात गेले, रॉकेल मिळेनासं झालं, पण यादीत वात आपली जळतच राहिली. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. म्हणून किराणावाल्यानं वातीचं एक पाकीट वरच्या फळीवर खास सरकारसाठी राखून ठेवलं होतं. दर मंगळवारी साहेब विचारत, तो मान वर करून पाकिटाकडे पाही आणि तोच भाव सांगे. अठरा वर्षं तोच. मंत्र्यांनी कधी भाषणात महागाई आटोक्यात असल्याचं सांगितलं की साहेब बायकोच्या कानाशी लागून म्हणत, "त्यात आपल्या वातीचा मोठा वाटा आहे."

साहेब निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी ते बाजारात गेले ते नव्या माणसाला दुकानं दाखवायला. नवा माणूस आला नाही. दुसऱ्या मंगळवारीही आला नाही. भरती विचाराधीन आहे असं कळलं. सरकारनं मध्यंतरी खात्याला नवी इमारत दिली, नवी संगणकप्रणाली दिली, इमारतीला कारंजं दिलं. माणूस तेवढा विचाराधीनच राहिला. तोवर खंड पडू नये म्हणून साहेब स्वतःच्या वहीत भाव टिपू लागले. "जा बाबा, जा," बायको म्हणाली, "नाहीतर घरात बसून माझ्या डब्यांचे भाव टिपाल."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस साहेबांशी बोलणारा एक रेडिओच उरला, आणि त्यालाही दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. घरात किती आवाज असतो हे साहेबांना तो बंद झाल्यावर समजलं. पुलापलीकडे जायचा धीर होईना, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहाच्या पुड्या आणत, दहा कपांच्या. टपरीवाला लुटतो असं त्यांचं मत होतं, पण पुडी छोटी, तशी लूटही छोटी. मंगळवारी मात्र नऊ दुकानांत नऊ माणसं त्यांना "या साहेब" म्हणत. किराणावाला तर स्टूल पुसून देई.

अशात एके दिवशी वर्तमानपत्रात गावोगावच्या महागाईचा तक्ता आला. साहेबांनी सवयीनं चष्मा लावला आणि बोट खाली आणता आणता थांबवलं. त्यांचं गाव. तीन पूर्णांक दोन टक्के.

"मोजली कुणी?" साहेबांनी रेडिओला विचारलं.

त्यांना वाटत होतं, माणूस नाही तर गाव यादीतून गळलं असेल. सहा वर्षांत बाजारात सरकारचं चिटपाखरू फिरकलेलं नाही. मग हे तीन कुठून आले? आणि तीन आले तर आले, मागचे दोन कुठल्या दुकानातून आणले? नुसतं तीन लिहिलं असतं तर थाप तरी वाटली असती. पूर्णांक दोन लावून थापेला टाय बांधला होता. साहेब संतापले. संतापून घरभर फिरले, पण घर लहान, त्यामुळे दर सात पावलांनी संताप वळवावा लागत होता. शेवटी त्यांनी सहा वर्षांच्या सहा वह्या पिशवीत भरल्या. बायकोच्याच पिशवीत, कारण दुसरी नव्हती. आणि गुरुवारी खात्यात गेले.

कारंजं बंद होतं. आत साहेबांच्या जुन्या टेबलाच्या जागी पिण्याच्या पाण्याचं यंत्र होतं. अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, "बसा ना काका," म्हणाल्या, आणि साहेबांचा निम्मा राग तिथेच वाया गेला.

"आमच्या गावचे भाव कोण टिपतं?" साहेबांनी उरलेल्या निम्म्यावर काम चालवलं.

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुम्हीच."

दर संकलकाच्या रकान्यात साहेबांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. सहा वर्षं, दर महिन्याला.

"जागा रिकामी आहे ना काका. माणूस नसला तर प्रणाली शेवटचा भाव उचलते, त्यावर थोडा अंदाज चढवते. पण नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. म्हणून शेवटचं नाव आपलं चालूच आहे."

"म्हणजे हे तीन पूर्णांक दोन..."

"तुमच्या सहीचे."

साहेब बराच वेळ रकान्याकडे बघत राहिले. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या मागोमाग, लाज वाटावी असं काहीतरी हळूच आत येऊन बसलं. जगात एक जागा अशी होती, जिथे ते अजून रोज कामावर होते.

मग त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "हे खरे भाव. सहा वर्षांचे, प्रत्येक मंगळवारचे. हे भरा."

बाईंनी एक वही उघडली. पानामागून पान, तेच बारीक अक्षर. त्यांचा चेहरा मऊ झाला आणि लगेच अधिकाऱ्याचा झाला. "काका, हे भरलं तर एका महिन्यात गावची महागाई दुप्पट होईल. वरून फोन येईल."

"झालीच आहे हो दुप्पट!"

"झाली, पण सहा वर्षांत. कागदावर ती एका मंगळवारी होईल. लोक घाबरतील."

"लोक बाजारात जातात! ते सहा वर्षं रोज घाबरताहेत! घाबरायचं राहिलंय ते फक्त तुमचं खातं!"

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं चहा पिता पिता मान हलवली, आणि बाईंनी पाहताच ते हलवणं माशी उडवण्याच्या नावावर खपवलं.

बाईंनी वही मिटली. "एक करते," म्हणाल्या. "खास बाब म्हणून वर पाठवते. पण तुम्ही लिहून द्यायचं, की प्रत्येक भाव दुकानात विचारून, जसा आहे तसा टिपलाय. येत्या मंगळवारचेही टिपा, बुधवारी सही करा. आणि ते नको असेल तर दुसरा रस्ता म्हणजे तुमचं नाव काढायचं. मग पान उघडणार नाही, गावचं भाव टिपायचं केंद्रच बंद होईल."

"सही करतो," साहेब म्हणाले. एकतीस अधिक सहा वर्षांत इतकं सोपं वाक्य ते दुसरं बोलले नव्हते.

तो मंगळवार त्यांनी नवरदेवासारखा काढला. दाढी दोनदा. भाजीवालीला म्हणाले, "नीट सांगा बरं का, आज सरकार ऐकतंय." आठ दुकानं झाली. शेवटी किराणावाला. स्टूल पुसलं गेलं. साखर, तेल, साबण, वात. शेवटी अर्धा किलो चहा.

"दोनशे दहा," किराणावाला म्हणाला.

साहेबांनी लिहिलं. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मग मलाही दोनशे दहानंच द्या! मघाशी मला दोनशे ऐंशी म्हणालात!"

किराणावाला नसलेली धूळ पुसू लागला. "बाई, तो... वेगळा चहा."

"डबा तर तोच आहे! काकांना एक भाव नि मला एक? का, मी बूट घालून नाही आले म्हणून?"

किराणावाल्यानं तिला मुकाट्यानं दोनशे दहानं चहा दिला. ती विजयी मुद्रेनं गेली. दुकानात दोघंच उरले.

"किती आहे खरा?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे ऐंशी."

"कधीपासून कमी सांगताय?"

"साहेब, वहिनी गेल्या, त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात ना," किराणावाला तराजूकडे बघून बोलत होता. "मी चहाचा भाव सांगितला. तुम्ही पेन तसंच धरून उभे राहिलात. किती वेळ. मला वाटलं, एकटा माणूस, पेन्शन केवढी, भाव ऐकून खचला. बघवेना. पुढच्या वेळी वीस रुपये कमी सांगितले. तुम्ही पटकन लिहिलं. बरं वाटलं मला. मग तसंच चालू राहिलं."

"आणि बाकीची आठ दुकानं?"

किराणावाला आणखी खाली बघू लागला. "मीच सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, साहेबांना जरा जपून सांगा."

साहेब स्टुलावर बसले. दोन वर्षं एका अख्ख्या बाजारानं संगनमतानं त्यांच्यासाठी महागाई आटोक्यात ठेवली होती. सरकारला जे जमलं नाही, ते नऊ दुकानदारांनी करून दाखवलं होतं, निदान एका माणसापुरतं.

"म्हणजे तुम्हीही अंदाजच चढवलात," ते म्हणाले.

"उतरवला साहेब. चढवला नाही."

आणि त्या पहिल्या मंगळवारी भाव ऐकून ते खचलेच नव्हते. चहाचं नाव ऐकल्यावर त्यांच्या मनात आलं होतं, आपल्या घरी अर्धा किलो चहा किती दिवस पुरतो? चौसष्ट वस्तूंचे एकतीस वर्षांचे भाव त्यांना पाठ होते, पण त्यातलं घराला काय किती लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते जिला माहीत होतं तिला विचारायला हवं, असं म्हणून ते घराकडे वळणार होते, आणि ती आता घरी नाही हे आठवून पेन हातात तसंच राहिलं होतं. हे त्यांनी किराणावाल्याला सांगितलं नाही. तो आधीच पुरेसा ओशाळला होता.

बुधवारी बाईंनी कागद तयार ठेवला होता. 'जसा आहे तसा टिपलेला' या शब्दांखाली सहीसाठी रेघ.

"हा नको," साहेब म्हणाले. "नाव काढायचा कागद द्या."

"का हो काका? मी वर बोललेसुद्धा. ऐकतील असं वाटतंय."

"दोन वर्षांचे भाव चुकीचे आहेत. ओळख झाली होती."

बाईंना कळलं नाही. नियम पुस्तकात अजून होता, पण ते पुस्तक आता कुणी वाचत नव्हतं. "मग आधीच्या चार वर्षांचे तरी भरू. नाहीतर गावची महागाई मोजणारं कुणीच उरणार नाही."

"आज कोण आहे?" साहेबांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. "पोरी, माझ्या नावानं खोटं आधीच खूप झालंय. सहा वर्षं तुमचं, दोन वर्षं माझं. तुमच्या खोट्यानं कुणाचं पोट भरलं नाही. माझ्या बाजूच्या खोट्यात निदान माया होती. पण माया आकड्यात भरता येत नाही."

त्यांनी सही केली. बाईंनी कळ दाबली. रकाना रिकामा झाला, आणि पुढचं पान उघडलं नाही. कारकून उठला आणि पाण्याच्या यंत्रातून त्यांच्यासाठी पेला भरून घेऊन आला. साहेब आपल्या जुन्या टेबलाच्या जागेचं पाणी प्यायले आणि वह्यांची पिशवी घेऊन पायीच घरी आले.

पुढच्या मंगळवारी अकराला दहा कमी असताना हात वहीकडे गेला आणि मागे आला. बराच वेळ ते बूट घालून खुर्चीत बसले. मग त्यांनी पिशवीतून वह्या काढून कपाटात ठेवल्या आणि रिकामी पिशवी घेऊन निघाले.

"महागाई आली गं!" भाजीवाली ओरडली, पण काखेत वही नाही हे पाहून तिचा आवाज मध्येच बसला.

किराणावाल्यानं स्टूल पुसलं. साहेब बसले नाहीत. आता नियम राहिला नव्हता. जन्मात पहिल्यांदा ते त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे होते, आणि गिऱ्हाईक कसं उभं राहतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"चहा द्या," ते म्हणाले. "आणि भाव खरा लावा. एक पैसा कमी केलात तर परत येणार नाही."

"लावतो," किराणावाला म्हणाला. त्यानं चहाचा डबा पुढे ओढला, तराजू सरळ केला. "किती देऊ साहेब?"

साहेबांनी पिशवीचं तोंड उघडं धरलं. हातांच्या जागी कापड विरलेलं होतं, तिच्या हातांच्या मापानं. वरच्या फळीवर वातीचं पाकीट होतं तिथेच होतं. मागे गिऱ्हाइकं जमली. कुणी घाई केली नाही.

"एका माणसाला," साहेबांनी अखेर विचारलं, "साधारण किती लागतो?"