ॲपमधली वर्गणी

पुण्याजवळच्या मांजरी गावचे सर्जेराव ऊसवाल्यांसाठी मासिक काढत. कुठल्या काट्यावर वजन मारतात, कोण भेसळीचं बेणं विकतो, हे ते नावानिशी छापायचे. त्यामुळे जाहिराती जेमतेम, पण वाचक पक्के.

खराडीला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, उत्कर्षानं, मासिकाचं ॲप करून दिलं. पण ॲपमधून भरलेल्या वर्गणीतला मोठा वाटा ॲप स्टोअर, म्हणजे फोनवर ॲप जिथून घेतात ते ॲपचं दुकानच कापून घेई. मग सर्जेरावांनी तेवढी वर्गणी ॲपवर वाढवली. वेबसाइटवर जुनीच ठेवली.

"बाबा, तिकडे स्वस्त आहे असं ॲपमध्ये लिहू नका हं," उत्कर्षा म्हणाली. "दुकानाचा नियम आहे. ॲपच काढून टाकतील."

"त्यांचं दुकान, त्यांचं भाडं," म्हणत सर्जेराव गप्प बसले. ॲपवरचे वाचक वाढताहेत, हे चारचौघांत सांगायची त्यांना गोडीच लागली होती.

पुढे ऊस मेळाव्यात सोजरबाई भेटल्या. नवऱ्यामागं रान एकटीनं सांभाळणारी बाई, पहिल्या अंकापासूनची वाचक. त्यांनी लोकांसमोरच विचारलं, "सर्जेराव, माझ्या फोनात वर्गणी जास्ती अन् पुतणीला कॉम्प्युटरवर कमी. असं का वं?"

सर्जेरावांनी दुकानाचा वाटा, नियम, सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांनी घेतलं, ते त्यांच्यापाशी. पर अंक कसा वाटला म्हून तुमी मला फोन केलावता की. तवा सांगाया काय झालंवतं?"

हे सर्जेरावांच्या मनाला लागलं. नियम ॲपपुरता होता. त्यांच्या तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं. आजूबाजूचे शेतकरी खाली बघत राहिले, ते त्यांना जास्त लागलं. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यांनी ॲपवरच्या वाचकांना, वेबसाइटवर वर्गणी कमी आहे हे सांगायला, एकेक करून फोन लावायला सुरुवात केली.

"अहो बाबा, अशानं ॲपवर कुणी उरणार नाही," उत्कर्षा म्हणाली.

"न उरो."

काहीजण हसले, काहींनी वर्गणीच बंद केली. सोजरबाई "बरं" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर सर्जेराव दुकानाविरुद्ध अग्रलेख लिहायला बसले. भाडं खुशाल घ्या, पण गिऱ्हाइकाशी बोलायची बंदी कसली, हा सवाल रास्तच होता. 'आम्हा प्रकाशकांची लूट' असं त्यांनी सुरुवातीला लिहिलं. मग ती ओळ खोडली, आणि 'आम्ही वाचकांना सांगितलं नाही' इथून पुन्हा सुरुवात केली. त्यापुढं काही केल्या हात चालेना.