खालच्या काकांची झोप

शंकर नगरात आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेतून रिटायर झालेले एक काका राहायचे. आवाज त्यांना अजिबात सोसत नसे. मिक्सर लावला की जिन्यातून हाक यायची, "काहून हो, घर पाडून राहिले का?"

आमची मुलगी जन्मली तीच श्वास घेताना कुईकुई आवाज करत. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र जन्मतःच मऊ आहे, वाढीबरोबर घट्ट होईल. तोवर नीट लक्ष ठेवा.

घरी आलो त्याच दुपारी काका दारात हजर. "कूलरच्या पंख्याले तेल द्या ना."

मी पाळण्याकडे बोट दाखवलं. काकांनी वाकून कान लावला आणि ते पाय न वाजवता खाली गेले. तेव्हापासून ते भाजीवाल्यालाही दटावू लागले, "हळू बोल भैया, पोट्टीचा श्वास ऐकू नाही येत."

दीडेक वर्षाने एका दुपारी ते अनवाणीच धापा टाकत वर आले. "आवाज बंद झाला."

मुलगी शांत झोपली होती. "गळा घट्ट झाला, काका," मी म्हणाले.

"हव," म्हणून ते गेले. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली.

"मिक्सर तरी लावा. मले झोप नाही येऊन राहिली."